चौदा विभागांचा एकच धडा

एकदा एका विद्यापीठाला आपल्याच पदवीधरांची काळजी वाटू लागली. मुले पदव्या घेऊन बाहेर पडत आणि वर्षानुवर्षे नोकरीचे अर्ज भरत बसत. जिल्ह्याच्या गावाबाहेर माळावर उभे असलेले हे विद्यापीठ चौदा विभागांचे होते. त्याचे कुलगुरू मनाने भले होते. त्यांनी ठरवले की यापुढे संगीत असो, रसायन असो की मराठी, प्रत्येक विभागातला विद्यार्थी उद्योजकता शिकेल. नोकरी मागणाऱ्यांनी नोकरी देणारे व्हावे, ही त्यामागची इच्छा. इच्छेत वाईट काहीच नव्हते.

हे काम अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका उर्मिला सोनटक्के यांच्याकडे आले. उर्मिलाबाई कष्टाळू होत्या. त्यांनी एक धडा बेतला: लोकांची अडचण शोधा, तिच्यावर उपाय काढा, बारा पानांची योजना लिहा आणि परीक्षकांपुढे दहा मिनिटांत ती पटवून द्या. हाच धडा त्या चौदाही विभागांत शिकवीत. आठवड्याचे सहा दिवस त्या या इमारतीतून त्या इमारतीत चालत असत, आणि मुलांना त्यांचा तास आवडे. वर्षअखेरीस स्पर्धा होई. पहिल्या आलेल्या योजनेला विद्यापीठ स्वतः पाठबळ देई.

तिसऱ्या वर्षी रसायन विभागातली कुमुद वाघमोडे पहिली आली. ती जवळच्याच असोली गावची. तिच्या गावच्या विहिरीचे पाणी गढूळ असे. कुमुदने मातीचे मडके, वाळू आणि शेवग्याच्या बियांची भुकटी यांतून एक गाळणी तयार केली होती. ओंजळभर भुकटी टाकली की तासाभरात पाणी काचेसारखे नितळ होई.

स्पर्धेच्या चार दिवस आधी ती बारा पाने घेऊन उर्मिलाबाईंकडे आली होती. नवव्या पानावर तिने लिहिले होते: ‘पावसाळ्यातील पाण्यावर चाचणी अद्याप झालेली नाही. किमान दोन पावसाळे पाहिल्याशिवाय ही गाळणी कुणास देऊ नये.’

“ही वाक्यं कशाला?” उर्मिलाबाईंनी विचारले.

“मॅडम, मी हिवाळ्यातलंच पाणी तपासलंय. पावसात विहिरीत काय काय येतं, ते मला अजून ठाऊक नाही.”

“तुझा तुझ्या कामावर विश्वास आहे ना?”

“आहे.”

“मग परीक्षकांपुढे स्वतःच शंका काढू नकोस. दहा मिनिटं असतात. दुरुस्त्या पुढे करता येतात.” असे म्हणून उर्मिलाबाईंनी लाल शाईने ती दोन्ही वाक्ये खोडली. कुमुदने पाने उचलून पिशवीत ठेवली.

वैशाखात विद्यापीठाच्या खर्चाने असोलीच्या घरोघरी गाळण्या बसल्या. आपल्याच गावच्या लेकीने केलेली वस्तू म्हणून लोकांनी त्या कौतुकाने वापरल्या. श्रावणात ओढ्याचे पाणी विहिरीत शिरले. गाळणीतून ते नितळच बाहेर पडत होते, म्हणून कोणी ते उकळले नाही. आठवडाभरात गावातली एकोणीस माणसे जुलाब-उलट्यांनी आजारी पडली. दोन दगावली. एक म्हातारी होती, आणि दुसरी चार वर्षांची मुलगी. मुलीचे नाव ओवी.

विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. समितीने कुमुदला विचारले, “पावसाळ्यात चाचणी हवी हे तुझ्या लक्षात आलं नव्हतं का?”

“आलं होतं,” ती म्हणाली. “मी तसं लिहिलंही होतं. मग मीच ती वाक्यं काढली.”

उर्मिलाबाई त्याच खोलीत, उजव्या हाताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या बोलणार होत्या. पण अध्यक्षांनी पुढचा प्रश्न विचारला आणि तो क्षण निघून गेला. महिन्याभरात कुमुद विद्यापीठ सोडून घरी गेली.

त्यानंतर उर्मिलाबाईंना शिकवणे जमेना. फळ्यापुढे उभे राहिले की शब्द सुचत नसत. शेवटी त्या आपल्या गुरूंकडे गेल्या. मणेरीकर सर त्र्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी त्याच विद्यापीठात तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले होते आणि निवृत्तीनंतर ते फाटकासमोरच्या गल्लीत राहत होते. उर्मिलाबाईंनी त्यांना सगळे सांगितले: गाळणी, असोली, ओवी, समिती. लाल शाईची गोष्ट मात्र सांगितली नाही.

“सर, मी राजीनामा लिहिलाय. तुम्ही एकदा वाचून द्या.”

सरांनी कागद हातात घेतला नाही. ते उठले आणि पायांत चपला सरकवू लागले.

“चल, मला विद्यापीठ दाखव,” ते म्हणाले.

“तुम्हाला? सर, तुमची उभी हयात तिथे गेली.”

“तरी दाखव. अर्थशास्त्र सोडून मी कुठल्या विभागाची पायरी चढलो असेन, असं तुला वाटतं?”

उर्मिलाबाईंना हे विचित्र वाटले. त्या सांत्वनासाठी आल्या होत्या, निदान बोलणी खायला तरी. पण गुरूंचा शब्द मोडण्याची सवय नव्हती. दोघे हळूहळू चालत निघाले.

प्रथम ते संगीत विभागात गेले. तिथल्या गायनाच्या बाई तंबोरा पुसत होत्या. सरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला. “विद्यार्थी तयार झाला, हे तुमच्याकडे कसं ठरतं?”

बाई हसल्या. “तयार झाला हे सांगणं अवघड आहे हो. झाला नाही, हे मात्र लगेच कळतं. एका मुलीला मी सहा वर्षं मंचावर बसू दिलं नाही. तिची आई भांडायला आली होती.” मग उर्मिलाबाईंकडे पाहून त्या थोड्या संकोचाने म्हणाल्या, “तुमच्या तासानंतर माझ्या तिघांनी गाण्याचे क्लास काढलेत. चांगले चालतात म्हणे. आता ते स्वतः शिकायला येत नाहीत.”

मराठी विभागात एक तरुण प्राध्यापक बोलीभाषेचा कोश करीत होते. भिंतीला लागून लाकडी खोके होते आणि त्यांत हजारो कार्डे. सरांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. एखादा शब्द तीन वेगळ्या गावांत, तीन वेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकला तरच आपण त्याचे कार्ड खोक्यात टाकतो, असे त्यांनी सांगितले. “नाहीतर?” सरांनी विचारले. त्यांनी खिडकीकडे बोट दाखवले. तिथे कार्डांचा एक वेगळा ढीग होता. “ते शब्द थांबलेत. काहींना दहा वर्षं झाली, तिथेच आहेत.”

उर्मिलाबाई प्रत्येक ठिकाणी दाराशी उभ्या राहत होत्या. या खोल्यांत त्या शेकडो वेळा आल्या होत्या. बोलण्यासाठी आल्या होत्या.

रसायन विभागाच्या पायऱ्यांशी त्या थांबल्या. “इथे नको, सर.”

“इथेही जाऊ,” सर म्हणाले.

कुमुदचे मार्गदर्शक डॉ. इनामदार प्रयोगशाळेत एकटेच होते. सरांनी प्रश्न विचारताच त्यांनी कपाट उघडले आणि एक जाड वही काढली. वही कुमुदची होती. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तीच दोन वाक्ये होती, तिच्या बारीक, सरळ अक्षरात.

“आमच्याकडे असं ठरतं,” इनामदार म्हणाले. “मुलीला कळत होतं. इथे शिकवलेलं ती विसरली नव्हती. मग योजनेतून तिनं हे काढलं का, ते मला आजवर उमगलेलं नाही.”

उर्मिलाबाई दारातून आत आल्या.

“तिनं नाही काढलं,” उर्मिलाबाई म्हणाल्या. “मी खोडलं. लाल शाईनं.”

इनामदारांनी वही मिटली. ते रागावतील असे वाटत होते, पण ते रागावले नाहीत. त्यांनी वही कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि पाठमोरे उभे राहिले. रागावले असते तर सोसणे सोपे गेले असते.

बाहेर आवारात शिरीषाच्या झाडाखाली एक सिमेंटचे बाकडे होते. सर त्यावर टेकले. त्यांना धाप लागली होती. थोड्या वेळाने ते बोलू लागले.

“उर्मिला, प्रत्येक विद्येनं पिढ्यान्पिढ्या चुका करून एक गोष्ट मिळवलेली असते. कुठे थांबायचं, ही. गवयाचं थांबणं वेगळं, कोशकाराचं वेगळं, रसायनवाल्याचं वेगळं. तू चौदा दारांतून आत गेलीस आणि सगळ्यांना एकच शिकवलंस, निघायचं कसं. तेही शिकवायलाच हवं होतं. पण कुणाच्या घरी जाऊन त्यांचं थांबणं विचारलं नाहीस. ते त्यांच्याकडून शिकून मग निघायला सांगितलं असतंस, तर कुमुद आज इथे असती.” ते थांबले. “आणि तुला हे मी शिकवलं. तुझ्या प्रबंधात तू जागोजागी ‘कदाचित’ लिहिलं होतंस. निष्कर्ष ठाम हवा, म्हणून मी ते प्रत्येक पानावर खोडलं. मला अभिमान वाटायचा त्याचा.”

“मग आता मी काय करू, सर?”

“मला माहीत नाही,” सर म्हणाले. “दोन माणसं गेली. त्याच्यावर माझ्याकडे काही नाही.”

दुसऱ्या दिवशी उर्मिलाबाईंनी समितीला सारे खरे लिहून दिले. समितीचे काम संपले आहे, असे उत्तर आले. मग त्या असोलीला गेल्या. कुमुद अंगणात तुरी निवडत होती. तिने बसायला पाट दिला.

“तू माझं नाव का नाही सांगितलंस?” उर्मिलाबाईंनी विचारले.

“पेन तुमचं होतं मॅडम, पण कळत मला होतं. तुम्हाला कुठे रसायन येतं?” कुमुद म्हणाली. “ओवीची आई समोरच्या घरात राहते. ती माझ्याशी बोलते. तेच सहन होत नाही.”

“परत ये. मी कुलगुरूंशी बोलते.”

कुमुदने मान हलवली आणि सूप पुढे ओढले. तिच्या तुरी निवडून होईपर्यंत उर्मिलाबाई बसून राहिल्या.

त्यांनी नवा अभ्यासक्रम लिहिला. पहिले अर्धे वर्ष प्रत्येक विभागाने स्वतःच शिकवावे, आपल्या विद्येत एखादी वस्तू लोकांच्या हाती केव्हा देऊ नये हे सांगावे, आणि मगच योजना लिहायला घ्यावी, असे त्यात होते. कुलगुरूंनी तो लक्ष देऊन वाचला.

“मॅडम, तुमचं पटतं मला,” ते म्हणाले. “पण मार्चमध्ये मूल्यांकनाची समिती येतेय. किती उद्योग सुरू झाले, ते विचारतील. किती योग्य वेळी थांबले, याला त्यांच्या तक्त्यात रकाना नाही.” राजीनामाही त्यांनी घेतला नाही. एवढ्या विभागांत शिकवणारे दुसरे कोणी नव्हते.

नवे सत्र सुरू झाले. उर्मिलाबाई वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात गेल्या. साठ मुले होती. त्यांनी फळ्यावर काहीच लिहिले नाही.

“तुमच्या विषयात,” त्यांनी विचारले, “‘अजून नाही’ असं कधी म्हणतात? कोण म्हणतं? मला हे येत नाही. तुम्ही मला शिकवा.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

“मॅडम, हे परीक्षेला आहे का?”

“नाही,” उर्मिलाबाई म्हणाल्या.

तिने पेन खाली ठेवले. मागोमाग आणखी कितीतरी पेने बाकांवर पडल्याचे आवाज आले. पूर्वी अशा वेळी उर्मिलाबाई विनोद करीत, वर्ग पुन्हा ताब्यात घेत. आज त्यांनी तसे केले नाही. खुर्ची ओढून त्या मुलांसमोर बसल्या. तास संपायला अजून चाळीस मिनिटे होती, आणि उत्तराची वाट पाहणे एवढेच आता त्यांना शिकवता येणार होते.