बारा तासांनी छापलेला 'अनंत'

"पण बाई, बारा तास मोजूनही मोजणी संपत नाही, म्हणजे तो गट अनंतच ना?"

बाई शेंगा सोलत होत्या. वर बघितलंसुद्धा नाही.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण, इंदुताई. मिरजेच्या एका कॉलेजात छत्तीस वर्षं बीजगणित शिकवून निवृत्त झालेली. विचारणारा ओजस खटावकर, तिचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आपण हुशार आहोत हे त्यालाही चांगलंच ठाऊक होतं. मला त्याचा राग यायचा, कशाला लपवू?

ओजसने तीन वर्षं खपून एक प्रोग्रॅम लिहिला होता. फुकट, आणि खुला. कुणीही उतरवून घ्यावा, उघडून ओळ न ओळ वाचावी. त्याबद्दल मात्र मी त्याला मानलं.

मला त्याने समजावलं होतं ते असं. दोन हालचाली घ्यायच्या आणि हव्या त्या क्रमाने, हव्या तितक्या वेळा करायच्या. कुठला क्रम कुठल्या क्रमासारखाच धरायचा, याचे चार नियम ठरवायचे. मग खरोखर वेगळ्या अशा किती उरतात? त्या सगळ्या मिळून झाला गट. प्रोग्रॅम त्या मोजत बसतो. मोजणी संपली, तर गट सांत, म्हणजे मर्यादित. पण कधी कधी ती संपतच नाही. किंवा संपणार असते, पण उद्या, नाहीतर शंभर वर्षांनी. यातलं कुठलं, हे बघणाऱ्याला कसं कळावं, ते मला आजही उमगलेलं नाही.

ओजसने त्यावर तोड काढली होती. बारा तास झाले की प्रोग्रॅम थांबायचा आणि 'अनंत' असं छापायचा.

त्या दिवशी तो आला तो मोबाईल पुढे करतच. नागपूरच्या पूर्वा डोंगरवार नावाच्या मुलीचं पत्र होतं. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या एका 'अनंत'वर उभं होतं. प्रबंध सोमवारी जमा करायचा होता.

'हाताने मांडलं की काहीतरी खटकतं, सर. तुमचा कोड खुला आहे, वाचायला हवा होता. पण तुमचं नाव बघितलं आणि वाचला नाही. गट अनंत आहे ना? एवढंच कळवा.'

"हो म्हणून कळवू ना, बाई?"

...

"बाहेर पायरीवर बस," ताई म्हणाली. "मी हाक मारते."

"किती वेळ?"

"बस तर खरा."

तो बसला. मीही जाऊन शेजारी बसलो, उगाच. समोरच्या दुकानात सतारीला तारा चढवणं चाललं होतं. आत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. ओजसने मोबाईल चारदा काढला, चारदा ठेवला.

"काका, विसरल्या वाटतं."

"आमची ताई? छे."

"मग हे काय चाललंय?"

मला काय माहीत. तसंच सांगितलं.

दीड तासाने तो उठला आणि तरातरा आत गेला. मी मागोमाग.

"बाई, तुम्ही हाक मारणारच नव्हता."

"असं कोण म्हणतं?"

"दीड तास झाला."

...

"मारणार होतात का?"

ताईने शेंगांची टरफलं सुपात गोळा केली. "आता कसं कळायचं? तू उठलास."

ओजस माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. दोघांच्याही डोक्यात उजेड नव्हता.

"जन्मभर तर बसता येत नाही ना, बाई."

"नाही येत."

"मग उठलो ते चुकलं?"

"नाही."

"मग चुकलं काय?"

...

"बारा तासांनी तुझा प्रोग्रॅम थकून उठतो का रे?"

"प्रोग्रॅम कसला उठतोय. मीच उठतो, त्याला थांबवून."

"आणि 'अनंत' कोण म्हणतं?"

ओजसने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याचा चेहरा पार उतरला. एरवी मला बरं वाटलं असतं. त्या क्षणी वाईट वाटलं.

"तुम्हाला तरी माहीत आहे का बाई, तो गट अनंत आहे की नाही?"

"नाही."

त्याने लॅपटॉप उघडला. 'अनंत' छापणारी ओळ सापडायला वेळ लागला नाही. बोट खोडायच्या कळीवर ठेवून तो तसाच बसून राहिला.

"शेकडो लोक वापरतात, बाई. सगळ्यांना कळेल."

"कळेल."

"पूर्वाचा सोमवार जाईल."

"जाईल."

"माझ्यामुळे."

ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, असं मला फार वाटलं. तिने नाही ठेवला. मला तिचाही राग आला.

ओजसने एकेक अक्षर मागे घेत 'अनंत' खोडलं. मग पूर्वाचं पत्र उघडलं, 'नाही, पूर्वा,' एवढं लिहिलं आणि अडला. पुन्हा त्या ओळीकडे आला. तिथे दोन अवतरणचिन्हं उरली होती, मध्ये काहीच नाही.

"बाई... मग इथे काय छापू?"

...

"कोण उठलं, ते."