ओल्या लाखेचा डाव

“...मग सोडायचा की थांबायचं? एवढंच सांगा, आबा.”

ओजस परुळेकर सावंतवाडीतल्या त्या माडीवर तिसऱ्यांदा तेच विचारत होता. विषय होता एका ऑनलाइन गेमचा, आणि विचारत होता कोणाला, तर भिकाजी चिताऱ्यांना. ऐंशीला टेकलेला माणूस, गंजिफ्याच्या वाटोळ्या पानांवर दशावतार रंगवण्यात जन्म गेलेला. गंजिफा, म्हणजे जुन्या धाटणीचे पत्ते, खेळायला ओजस लहानपणी त्यांच्याकडेच शिकला होता.

आबांनी कुंचला खाली ठेवला. “नीट सांग.”

सांगितलं त्यानं. तीन वर्षं त्या गेमची वाट पाहिली. अडतीस जणांचा संघ बांधला, स्वतः कप्तान झाला. ‘येऊ दे, मग बघा’ असं एकेकाला छातीठोकपणे सांगितलं. आणि गेल्या शुक्रवारी गेम आला तो असा, की आत शिरायलाच दोन तास रांग. शिरलं तर किल्ल्याच्या भिंतीतून माणसं आरपार पडायची.

निम्मा संघ भडकला होता. आज सहा वाजता सगळे ऑनलाइन जमणार होते, कप्तानाचा शब्द ऐकायला. थांबा म्हणावं आणि गेमच बंद पडला, तर याच्यावर पुन्हा विश्वास कोण ठेवणार? सोडा म्हणावं, तर तीन वर्षं मातीत. पोरगा पार कावला होता.

“सोड मग,” आबा म्हणाले.

“असं कसं सोडू? बनवणाऱ्यांनी एवढी मेहनत...”

“मग थांब.”

“कशाच्या भरवशावर थांबू? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अर्धकच्चा माल गळ्यात मारला आमच्या.”



खरं सांगायचं तर ओजसला ‘धीर धर बाळा’ एवढंच हवं होतं. संध्याकाळी संघापुढे फेकायला बरं पडलं असतं. आबांनी ते काही दिलं नाही. फळीवरून नव्या गंजिफ्याची पेटी काढली आणि त्याच्यापुढे सरकवली.

“वाट पानं.”

“आत्ता? आबा, माझा जीव इथं टांगणीला...”

“वाट.”

पानं वाटली जाईनात. एकमेकांना धरून बसली होती. दिवसा खेळलेला डाव रामाच्या संचातल्या राजाच्या पानानं उघडायचा, म्हणून ओजस राम शोधू लागला. सापडला, पण वामनाच्या पाठीला चिकटलेला. त्यानं वैतागून हिसडा दिला. रामाचं अर्धं तोंड वामनाच्या पाठीवरच राहिलं.

“हे काय, आबा? वरची लाख ओलीच आहे अजून. तरी पेटीत भरलीत?”

“हो. गिऱ्हाइकाला तारीख दिली होती.”

“म्हणून...? तुम्ही?”

“चुकलो.”

एवढंच. पुढं सबब नाही, सारवासारव नाही. आबा एकेक पान सोडवून चटईवर मांडू लागले. मग चष्मा पुसला, रामाचं पान गुडघ्यावर घेतलं, उरलासुरला रंग खरवडून काढला आणि निळा घोटायला घेतला.

ओजस बसला. आधी चुळबुळला, दोनदा उठला, दोनदा दारापर्यंत जाऊन आला. मग आबांच्या शेजारी येऊन चिकटलेली पानं हळूहळू सुटी करू लागला. फोन थरथरला. पुन्हा थरथरला. हातात मत्स्याचं पान होतं, ते फाटू नये म्हणून त्यानं श्वास रोखला होता.

“आबा, डावा डोळा जरा...”

“वर गेलाय. दिसतंय मला.”

डोळा पुसला गेला. पुन्हा काढायला घेतला.

सहा वाजून वीस मिनिटं झाल्याचं भिंतीवरच्या घड्याळात दिसलं, तेव्हा ओजस ताडकन उठला. फोन उघडला. सगळा संघ खोळंबला होता.

“आबा, सांगा ना. काय सांगू त्यांना? थांबा म्हणू?”

आबांनी मान वर केली नाही. कुंचल्याचं टोक रामाच्या डोळ्यावर होतं.

“इतका वेळ इथं कोणाला विचारून थांबलास?”