मांजरीची जवळीक

फार पूर्वी एका कोठारात दंताजीराव नावाचे उंदीर पुढारी होते. "मांजरीशी आपली फार जवळीक आहे," एवढ्यावर ते दर निवडणूक जिंकत.

एकदा म्हातारी चिचुंद्री भरसभेत म्हणाली, "जवळ म्हणजे किती, राव? अंतर मी सांगते, तुम्ही त्याच्या आत उभं राहून दाखवा. दहा हात!"

मांजर कोपऱ्यात झोपली होती. राव ऐटीत नऊ हातांवर उभे राहिले. "एक हात" म्हणताच पाऊण हातावर आले.

"आता एक वीत."

"शेपटीकडून चालेल?"

"शेपटीकडून काय, तोंडाकडून काय, अंतर तेच!"

राव पाऊल पुढे टाकेनात. तिथूनच ते गरजले, "जवळीक मनात असते, ती मोजायची नसते!"

उंदरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्याने मांजर जागी झाली आणि उरलेलं अंतर तिनेच कापलं.