न झालेली बिअर

एका गावात एक प्रोग्रामर राहत होता. गावाचे नाव गवतवाडी. तिथे आता गवत नव्हते आणि वाडीही नव्हती. काचेच्या उंच इमारती होत्या, आणि त्यांच्यासमोर गाडी लावायला जागा शोधणे हा गावकऱ्यांचा मुख्य उद्योग होता. प्रोग्रामरचे नाव मिहिर चौबळ. तो लिफ्ट चालवणारे सॉफ्टवेअर लिहीत असे. लिफ्टने कुठे थांबावे, दार कधी उघडावे, लाइट जाऊन परत आली तर आपण कुठे लटकलो आहोत हे तिने कसे ओळखावे, हे सगळे तो खुर्चीत बसून ठरवी.

मिहिर हुशार होता. कचेरीत त्याचा लौकिक मोठा होता, आणि तो एका शब्दावर उभा होता. रोज सकाळी तिथे एक बैठक होई. बैठक म्हणायचे, पण घ्यायची उभ्याने. पाय दुखले की माणसे कमी बोलतात, अशी त्यामागची कल्पना. त्या उभ्या बैठकीत कामत मॅडम प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीत.

"झालं?"

आणि मिहिर म्हणे, "झालं."

या 'झालं'चा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. घरात कोणी म्हणाले, भात झाला, तर भात झालेला असतो. कचेरीत 'झालं' याचा अर्थ होत आले आहे. फार तर, होईल असे वाटते. उरलेले पुढच्या खेपेला बघू. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नसे. सगळे मिळून खोटे बोलू लागले की त्याला पद्धत म्हणतात.

त्या वेळी एका इस्पितळाच्या लिफ्टचे काम चालू होते. येत्या सोमवारी ते सॉफ्टवेअर तिथे बसवायचे होते. मिहिरच्या वाट्याच्या सगळ्या चाचण्या झाल्या होत्या, एक सोडून. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे असताना लाइट घालवायची, परत आणायची आणि लिफ्ट काय करते ते पाहायचे. चाचणी कंटाळवाणी होती. त्यासाठी कंपनीच्या आवारातल्या, चाचणीची लिफ्ट बसवलेल्या लोखंडी मनोऱ्यापाशी उन्हात उभे राहावे लागे. मिहिरने विचार केला, काय होणार आहे? आणि बैठकीत सांगून टाकले, "झालं."

मिहिरला एक छंद होता. तो घरी बिअर बनवी. आठवडाभर जे हातात धरता येत नाही त्यावर काम केले की शनिवारी माणसाला हातात धरता येईल असे काहीतरी करावेसे वाटते. कोणी कुंड्या लावतो, कोणी पाव भाजतो. मिहिर मोड आणून वाळवलेले जव मागवी, ते गरम पाण्यात मुरवी, त्याचा रस गाळून कडू फुलांबरोबर उकळी, आणि निवलेला रस झाकणाच्या पिंपात ओतून त्यात यीस्ट सोडी. यीस्ट रसातली साखर खाते आणि दारू व वायू तयार करते. वायू पिंपाच्या नळीतून बुडबुड करीत बाहेर पडतो. या विषयावर मिहिरने इंटरनेटवर सगळे वाचून काढले होते. कायदा याला काय म्हणतो, तेवढे शोधायचे राहिले होते.

पिंपाला थंडावा लागतो. घरात एसी एकाच खोलीत होता, आणि त्याच खोलीत मिहिरच्या तान्ह्या मुलीचा, नीरजाचा पाळणा होता. त्यामुळे पाळणा आणि पिंप शेजारी शेजारी नांदत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, एसी बाळासाठी लावला आहे. मिहिर तो गैरसमज दूर करीत नसे.

मिहिरचे सासरे दिगंबरराव राजे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पण जिभेने अजून निवृत्ती घेतलेली नव्हती. एकदा फोनवर ते म्हणाले, "जावईबापू, तुमची बिअर तुमच्या सॉफ्टवेअरसारखीच दिसते. आहे आहे म्हणतात, पाहिली कोणीच नाही."

मिहिरला हे लागले. नीरजाचे उष्टावण तोंडावर आले होते. मामाच्या मांडीवर बसून बाळ पहिल्यांदा खीर चाखणार होते, आणि त्यासाठी मिहिरच्या बायकोच्या, रेवाच्या माहेरचे सगळे येणार होते.

"उष्टावणाला याच बाबा," मिहिर म्हणाला. "खीर नातीला, बिअर तुम्हाला."

उष्टावण जवळ आले, आणि पिंपाचे बुडबुडे थांबले.

आता बुडबुडे दोन कारणांनी थांबतात. साखर संपली तर थांबतात, किंवा थंडीने यीस्ट झोपी गेले तर थांबतात. खरे काय ते बघायला काचेचा एक तरंगता मापक मिळतो. तो रसात सोडायचा, आकडा वाचायचा, काही दिवस थांबायचे आणि पुन्हा वाचायचा. आकडा हलला नाही तर बिअर झाली. मिहिरकडे मापक होता. परदेशातून मागवलेला, मखमली पेटीतला. मिहिरने पेटीकडे पाहिले, कॅलेंडरकडे पाहिले आणि पेटी उघडलीच नाही.

"झाली!" तो म्हणाला.

रेवा बाळाचे कपडे घड्या घालीत होती. तिने मान वर केली.

"झाली म्हणजे झाली, की तुझ्या ऑफिसातली झाली?"

मिहिर खो खो हसला. दुसऱ्या दिवशी त्याने हा विनोद कचेरीतही सांगितला. तिथेही सगळे हसले, पण हसताना कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

मिहिरने बिअर बाटल्यांत भरली. फेस यावा म्हणून प्रत्येक बाटलीत रीतीप्रमाणे चिमूटभर साखर घातली. यंत्राने झाकणे दाबून बसवली आणि बाटल्या पाळण्याशेजारच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात रांगेने उभ्या केल्या. पिंपाचे काम संपले, म्हणून एसी बंद केला. खोली तापली. यीस्ट जागे झाले. त्याच्यापुढे जुनी साखर उरलेली होती आणि नवीही आली होती. ते जेवायला बसले. काम झाले आहे, असे त्याला कोणी कळवले नव्हते.

उष्टावणाच्या दिवशी दुपारी दिवाणखाना माणसांनी भरला होता. नीरजाला जरीचे परकर-पोलके घातले होते. रेवाच्या भावाने, शैलेशने, तिला मांडीवर घेतले आणि चांदीच्या चमच्याने खीर भरवली. नीरजाने खीर तोंडात घोळवली, क्षणभर विचार केला आणि मामाच्या नव्या सदऱ्यावर सोडून दिली. सगळे हसले.

"राजे घराण्याची जीभ आहे," दिगंबरराव म्हणाले. "गोडाला भुलायची नाही. जावईबापू, आता आमचं उष्टावण कधी?"

"बर्फात ठेवतो बाबा. झालीच आहे."

नीरजाचे डोळे मिटू लागले होते. रेवाने तिला उचलले. "हिची झोपायची वेळ झाली. पाळण्यात टाकून येते."

ती खोलीच्या दारापर्यंत गेली.

"अगं थांब," दिगंबरराव म्हणाले. "मामाचा घास झाला. आजोबाचा राहिला की. आण इकडे."

"बाबा, पेंगली आहे ती."

"एकच घास. आण."

रेवा कुरकुरत मागे फिरली.

तेवढ्यात आवाज झाला.

तो आवाज कसा होता, हे नंतर कोणालाच नीट सांगता आले नाही. कोणी म्हणाले सिलिंडर, कोणी म्हणाले वीज. पहिल्यामागून दुसरा झाला, दुसऱ्यामागून लागोपाठ आणखी. खोलीचे दार आपोआप आपटले. शैलेश खिरीच्या वाटीसकट टेबलाखाली गेला. दिगंबररावांना आयुष्यात पहिल्यांदा बोलायला काही सुचले नाही. मग सगळे शांत झाले आणि दाराखालून फेस बाहेर येऊ लागला.

मिहिरने दार ढकलले.

कपाटाचे दार बिजागरीवरून निखळून पडले होते. छतावर, भिंतीवर, पडद्यावर बिअर होती. आणि पाळण्यात काचा होत्या. नुसत्या पडलेल्या नव्हत्या. गादीत रुतून उभ्या होत्या, शेतात रोपे उभी असतात तशा. उशीला मधोमध भोक पडले होते. त्या भोकात एका बाटलीची मान होती, आणि मानेवर झाकण तसेच घट्ट बसलेले होते. झाकण लावण्याचे काम मात्र खरोखरच झाले होते.

मिहिर बघत राहिला. डोळे त्या उशीवरून हलेनात.

मागे रेवा उभी होती. नीरजा तिच्या खांद्यावर भेदरून रडत होती. रेवा रडली नाही, ओरडली नाही. तिने उशीकडे पाहिले, मग मिहिरकडे.

"तू म्हणाला होतास, झाली," ती म्हणाली.

एवढेच बोलून ती बाहेर गेली.

कपाटात काही बाटल्या अजून शाबूत होत्या, म्हणजे फुटायच्या राहिल्या होत्या. त्या तशा ठेवणे शक्य नव्हते. मिहिरने बाइकचे हेल्मेट घातले, जाड जाकीट चढवले, बाटल्यांवर ओली गोधडी टाकली आणि गोधडीखाली हात घालून एकेक झाकण हळूच सैल करू लागला. दिगंबरराव दारात येऊन उभे राहिले. त्यांचा रंग अजून परतला नव्हता, पण जीभ परतली होती.

"पिऊन झाल्यावर हेल्मेट लागतं असं ऐकलं होतं," ते म्हणाले. "उघडायला लागतं हे आजच पाहिलं."

हसायला कोणी नव्हते. ते स्वतःही हसले नाहीत. वाकून त्यांनी पाळण्यातली एक काच उचलली, उजेडात धरली आणि मुकाट्याने कागदात गुंडाळली.

त्याच वेळी मिहिरचा फोन वाजला. शनिवार होता, पण सोमवारी लिफ्ट बसवायची, म्हणून कामत मॅडमनी शेवटची बैठक बोलावली होती. मिहिरने ओल्या बोटाने पडदा दाबला. छोट्या छोट्या चौकोनांत सगळे सहकारी दिसू लागले. त्यांनाही मिहिर दिसला. हेल्मेट घातलेला, गुडघाभर फेसात बसलेला.

"मिहिर, तू बाइकवर आहेस का?" मॅडमनी विचारले.

"नाही मॅडम. घरी आहे."

मॅडमनी पुढे काही विचारले नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे एकेकाला प्रश्न टाकायला सुरुवात केली. झालं? झालं. झालं? झालं. प्रश्न मिहिरपाशी आला.

"लाइट जाण्याची चाचणी. झालं?"

जीभ सवयीने उचलली गेली. त्याच्यासमोर ती उशी होती. इस्पितळाच्या लिफ्टमधून कोण जाते, हे त्याच्या डोक्यात आजवर कधी आलेच नव्हते. नुकती बाळंत झालेली बाई जाते. तिच्या शेजारी कोणीतरी दुपट्यात गुंडाळलेले बाळ घेऊन उभे असते.

"नाही झालं," तो म्हणाला.

मॅडमनी कान पुढे केला.

"मिहिर, तुझा आवाज तुटतोय," मॅडम म्हणाल्या.

"तुटत नाहीये मॅडम. चाचणी झालेली नाही. मी घेतलीच नाही. झालं म्हणालो होतो, ते खोटं होतं."

असे वाक्य त्या बैठकीत आजवर कोणी उच्चारले नव्हते. चौकोनांतले चेहरे असे थिजले की सगळ्यांचेच नेट गेले असावे असे वाटले. मग एका कोपऱ्यातून लाटकर नावाचा एक सहकारी खाकरला.

"तसं म्हटलं तर," तो म्हणाला, "दाराच्या सेन्सरचं माझंही झालेलं नाही."

"माझंही थोडं राहिलंय," दुसरा म्हणाला.

"थोडं म्हणजे?"

"म्हणजे… सुरू करायचं राहिलंय."

कामत मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि मी वर कळवून बसले आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "की सगळं झालं."

सोमवारी लिफ्ट बसवली नाही. त्याऐवजी सगळे त्या लोखंडी मनोऱ्यापाशी उन्हात उभे राहिले. चाचणीची लिफ्ट वर सोडली. ती दोन मजल्यांच्या मधे असताना मिहिरने लाइट घालवली, आणि परत आणली. लिफ्ट जरा थरथरली. आपण तळमजल्यावर पोचलो, असा तिने समज करून घेतला, आणि अत्यंत अदबीने दार उघडले. समोर भिंत होती आणि भिंतीखाली पोकळी.

लाटकर मटकन खाली बसला. कामत मॅडम त्या उघड्या दाराकडे बघत राहिल्या, आणि मिहिरला ती उशी पुन्हा दिसली.

चूक दुरुस्त झाली. लिफ्ट उशिरा बसली आणि नीट चालू लागली. न झालेल्या अपघाताबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही. वर्षाच्या शेवटी मिहिरच्या नावापुढे 'कामात विलंब' असा शेरा आला. त्याला तो योग्य वाटला.

रेवाने नवीन गादी आणली आणि पिंप गच्चीतल्या पत्र्याच्या खोलीत गेले. मिहिर 'झालं' म्हणाला की ती बरेच दिवस हातातले काम थांबवून त्याच्याकडे बघे, आणि मग तो उठून खरेच झाले आहे का, ते पाहून येई. पुढे बघायची गरज उरली नाही. तो आधीच पाहून येऊ लागला.

पुढल्या हिवाळ्यात दिगंबररावांचा फोन आला. "जावईबापू, झाली का?"

"नाही बाबा."

काही दिवसांनी पुन्हा आला. "आता?"

"आकडा अजून हलतोय बाबा. नाही झाली."

नीरजा भिंतीला धरून चालू लागली, तेव्हा कुठे मिहिरने स्वतः फोन केला. दिगंबरराव आले. खुर्ची दाराजवळ ओढून बसले. पेला उजेडात धरला, वास घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. रेवा वडिलांकडे बघत होती.

"कडू आहे," दिगंबरराव म्हणाले. मग आणखी एक घोट घेऊन त्यांनी मान हलवली. "पण झाली आहे."

तात्पर्य: काम झाले की नाही, हे कामाला विचारावे, आपल्या जिभेला विचारू नये. अपुऱ्या कामावर झाकण कितीही घट्ट बसवले तरी ते एक दिवस फुटतेच, आणि त्या वेळी पाळणा रिकामा असेलच असे नाही.