खिंडीतली उष्टी हळद

वाघजाईच्या खिंडीत, घाट उतरायला लागतो तिथे डाव्या हाताला एक पिवळा धोंडा आहे. मूळचा तो काळाच. सगळा डोंगरच काळ्या पाषाणाचा. पण याच्यावर हळदीची इतकी पुटे चढली आहेत की चार महिने पाऊस झोडपून गेला तरी रंग म्हणून उतरत नाही. येणारे-जाणारे देवीचे ठाणे समजून हात जोडतात. जोडावेत, त्यात वाईट काही नाही. पण देवी वर देवळात आहे. हा धोंडा गोजरा नावाच्या बाईच्या नवसाचा. तिने तो नवस केला, आणि तो फळलाही होता, असे सांगतात. टेका घटकाभर, म्हणजे कसे झाले ते सांगते.

तो काळ पेंढाऱ्यांचा. गोजरा खालच्या गावच्या पाटलाची एकुलती लेक. आई लहानपणीच गेली, आणि बाप तापाने गेला तेव्हा ती लग्नाची होती. टोळीच्या म्होरक्याने तिच्या चुलत्याला सांगावा धाडला, पोरगी दे, नाहीतर गावाला काडी लावतो. चुलता वाईट नव्हता, भित्रा होता. तो दोन दिवस पडवीत बसून राहिला आणि तिसऱ्या दिवशी त्याने गोजराला नवे लुगडे आणून दिले. लुगडे बघूनच ती समजली.

खिंडीवर तेव्हा सुभानजी नाईकाची चौकी होती. पेंढारी कितीही माजलेले असले तरी कोकणात उतरायला त्यांना नाईकाचेच वाटाडे लागत. म्हणून नाईकाच्या घराला ते हात लावत नसत. गोजरा ते ऐकून होती. ती एकटीच घाट चढून चौकीवर गेली आणि म्हणाली, "नाईक, मला तुमचं नाव द्या."

सुभानजी तेव्हा वहाणेचा अंगठा शिवत बसला होता. तिशी उलटलेला, तोंडावर देवीचे वण, बायको बाळंतपणात गेलेली. तो म्हणाला, "पाटलाच्या लेकी, माझ्या नावाला गावचं कुत्रंही शेपूट हलवत नाही. काय करशील ते नाव घेऊन?"

"जगेन," ती म्हणाली.

मग मात्र त्याने वहाण खाली ठेवली, म्हणे.

दुसऱ्या दिवशी देवीपुढे लग्न लागले. भटजींनी मंगलाष्टके भराभर उरकली. सुभानजीची म्हातारी भागाआत्या हळदीची वाटी घेऊन पुढे झाली, तर त्याने तिचा हात धरला. "हळद राहू दे, आत्या. ती खऱ्या लग्नाची. हे नावापुरतं आहे." आणि गोजराला म्हणाला, "धोका टळला की तू मोकळी. ज्याला मनापासून वरशील त्याची हळद लाव." गोजराने मान हलवली. त्या घडीला तिला जीव वाचल्यापलीकडे काही सुचत नव्हते.

नाईकाची बायको म्हटल्यावर म्होरक्याने तिचा नाद सोडला. गाव वाचले, गोजरा वाचली.

सुभानजी चौकीवर निजे आणि जेवायला तेवढा घरी येई. भागाआत्याला ते बघवत नसे. "काय बाई संसार!" ती म्हणायची. "नवरा धर्मशाळेत आल्यासारखा जेवतो नि बायको गोसाव्याला वाढल्यासारखी वाढते. मी तरी कशाला मधे बसलेय, चिमटा वाजवायला?" सुभानजी खाली मान घालून हसे आणि पाठ फिरवून निघून जाई.

पण माणूस काही पाठ फिरवून लपत नाही. गोजरा पाणवठ्यावर एकदा घसरली, तर दुसऱ्या दिवशी तिथे पायरीचा दगड बसलेला. तिला खोकला झाला, तर चुलीपाशी अडुळशाचा पाला येऊन पडलेला. कुणी आणला म्हणून विचारले की म्हणे, वाऱ्याने आला असेल. हळूहळू असे झाले की घाटात त्याच्या वहाणा वाजल्या की गोजरा भाकरी तव्यावर टाकी. आणि वाजल्या नाहीत, तर तिलाही घास जात नसे.

मग एका वर्षी फौजेला वाट दाखवायला सुभानजीला लांब जावे लागले. दसऱ्याला गेलेला माणूस, संक्रांत आली तरी पत्ता नाही. गोजरा देवळात गेली आणि मनातल्या मनात बोलली, आई, त्यांना सुखरूप आण. चैत्री पुनवेला पहिली हळद तुला वाहीन, मग त्यांना लावीन, आणि त्यांची उष्टी हळद मी लावून घेईन. नवस कुणाला सांगू नये, सांगितला की निष्फळ होतो, असे तिच्या आईने तिला लहानपणी शिकवले होते. तिने ओठ मिटून घेतले.

आणि देवी पावली. शिमग्याच्या आधी सुभानजी परत आला. दंडावर वार होता, पण धडधाकट होता. गोजराने दुसऱ्याच दिवशी हळकुंडे जात्यावर घातली. आत्याने विचारले, "हे कुणाच्या लग्नाचं?" ती नुसती लाजली.

सुभानजीचाही जीव मधल्या काळात तिच्यात गुंतला होता. पण तो पडला शब्दाचा माणूस. त्याला वाटले, आपण या पोरीला अडकवून ठेवले. एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "टोळ्या आता पांगल्यात. भीती राहिली नाही. तुला तुझ्या आजोळी पोचवून देतो."

गोजराच्या हातातली पळी तशीच राहिली. सगळे ओठांवर आले होते. पण नवस! बोलले आणि याच्याच जिवावर आले तर? ती एवढेच म्हणाली, "पुनवेपर्यंत थांबा."

त्याने ताटाकडे बघत विचारले, "पुनवेचा दिवस चांगला आहे का निघायला?"

तिने मान हलवली. तिला वाटले, पुनवेला सगळे कळेलच की. आणि त्याला वाटले, जायचा दिवस ठरला. भागाआत्या मधे बोलायला गेली, तर गोजराने तिला डोळ्यांनीच दटावले.

पुनव तोंडावर आली असताना, पांगलेल्या टोळीतले उरलेसुरले लोक खिंड चढून आले. त्यांना ना म्होरक्या, ना रिवाज. सुभानजीने गडी गोळा केले. सगळ्यांत अरुंद जागी, या धोंड्यापाशी, कुणीतरी एकट्याने उभे राहून त्यांना अडवायचे होते, म्हणजे बाकीच्यांना वरून दगड लोटता आले असते. बाबू रामोशी पुढे झाला. सुभानजीने त्याला मागे ओढले. म्हणाला, "तू बायकोपोरांचा धनी. माझी वाट बघणारं कोण आहे? सर मागं."

खिंड राखली गेली. खालच्या गावाचे कौलसुद्धा हलले नाही. सुभानजी या धोंड्याला पाठ लावून बसलेला सापडला.

बाबू रामोशाने त्याचे शब्द गोजराला सांगितले. ती रडली नाही, असे म्हणतात. घरात गेली आणि हळदीची वाटी घेऊन आली. आधी तिने वर देवीला हळद वाहिली. मग खाली येऊन त्याच्या कपाळाला, गालांना, वार भरून आलेल्या दंडाला लावली. आणि त्याची उष्टी हळद स्वतःच्या तोंडाला, हातांना लावू लागली. बाया धावल्या. "अगं गोजरा, आता? आता गं कशाला?"

"लग्न आहे माझं," ती म्हणाली.

वाटीत उरलेली हळद तिने धोंड्याला फासली.

ती पुढे पुष्कळ जगली. देवीला तिने कधी बोल लावला नाही. म्हणायची, आईने माझा माणूस आणून दारात उभा केला होता. गप्प राहा, असं तिनं कुठं सांगितलं होतं? मीच राहिले. आणि गावात कुणी पोरगी ओठ मिटून देवळाकडे निघाली की तिला हाताला धरून माघारी आणायची.

आजही आमच्याकडे बाई एकटी नवसाला येत नाही. ज्याच्यासाठी नवस करायचा त्याला बरोबर आणते, धोंड्याला हळद लावते आणि त्याच्या तोंडाकडे बघून मोठ्याने बोलते. लाजत बोलते, अडखळत बोलते, पण बोलते. नवस फळतात म्हणे. आणि नाही फळले तरी ज्याच्यासाठी केला त्याला ठाऊक असते, आपली वाट बघणारे कुणीतरी आहे. तुमच्याही मनात असेल कुणासाठी काही. मागे गाडीपाशी तुमची माणसे उभी आहेत ना? त्यांतल्या ज्याच्यासाठी असेल त्याला बोलावून आणा इथे. हळद माझ्याकडे आहे.