ठकूबाईचा काचेचा हात

आधी पाय पांघरुणात घ्या. भावंडाला लाथा मारणं पुरे झालं. हं. तर एका नगरात एक राजा होता, पण तो बसू दे तिकडे सिंहासनावर, आपलं त्याच्याशी काम नाही. आपलं काम वेशीपाशी राहणाऱ्या ठकूबाई कासारणीशी.

दुकान एवढंसं, पण बांगड्या भराव्यात तर ठकूबाईनंच. कितीही आडमुठा हात असो, ती तो मांडीवर घ्यायची, अंगठ्याखाली जरा चोळायची, की बांगडी सरकन मनगटात. कधी एक वाढली नाही. बांगडी फुटली म्हणायचं नाही बरं का, वाढली म्हणायचं. भरून झालं की बायका तिला वाकून नमस्कार करायच्या. तो नमस्कार तिला जेवणाहून प्यारा होता.

मग म्हातारपण आलं आणि ठकूबाईचे सांधे धरले. नेमका तेव्हाच राणीचा निरोप आला. "गुरुवारी राजकन्येचा चुडा भरायचा. दोन्ही हातांत एकवीस-एकवीस. एक जरी वाढली तर अपशकुन, मग तुझं दुकान उठवीन." आता आली का पंचाईत? ठकूबाईनं गावात सांगून पाठवलं, दुकानात माणूस ठेवायचंय, येऊन हात दाखवा.

परीक्षा साधीच. ठकूबाई आपला डावा हात पुढे करायची. सांधे सुजलेले, हाडं वर आलेली. त्यात सव्वादोनच्या मापाची बारीक हिरवी बांगडी भरून दाखवायची.

पहिला आला भिकोबा. गडी दांडगा, पण हात लोण्याचा. बोलता बोलता बांगडी चढलीसुद्धा. शेजारीण तिथं बसली होती. ती म्हणाली, "अगबाई, हा तर तुझ्याहून वरचढ निघाला." झालं, ठकूबाईच्या पोटात दुखलं. "राजकन्येचा हात पुरुषानं धरायचा?" म्हणाली, आणि त्याला वाटेला लावलं. आता कासाराला कधी कुणी असं म्हणतं का? पण निमित्त पाहिजे ना. भिकोबा गेला, आणि ज्या उजव्या हातानं ती बांगड्या भरायची, त्याचा अंगठा एकदम कडक झाला. बघते तर काचेचा. हिरवागार, आरपार दिसणारा.

मग आली रंगू, तीन लेकरांची आई. तोंडातून शब्द नाही, पण हात कसा हळुवार. बांगडी सांध्यापर्यंत आली, आता सरकणार. ठकूबाईला वाटलं, उद्या माझ्या जागेवर ही बसणार, सगळं गाव हिला वाकणार. तिनं हळूच डाव्या हाताचा अंगठा ताठ केला. कट्. बांगडी वाढली. "जा बाई, तुझा हात जड आहे." रंगू रडत गेली. रडेल नाहीतर काय, तिची चूक कुठं होती? इकडे ठकूबाईचा उजवा पंजा सगळा काचेचा झाला. तांब्या उचलायला गेली की किणकिण वाजायचा. तरी शहाणपण येईना. मला ठाऊक आहे बाळांनो, माझ्या जावेच्या पुरणपोळ्या सगळे वाखाणायचे, तेव्हा माझा घास घशाखाली उतरायचा नाही.

बुधवारी आली साळू. तिनं हात मांडीवर घेतला, चोळला, बांगडी चढवायला लागली. ठकूबाईनं पुन्हा अंगठा ताठ केला. तशी साळूनं बांगडी खाली ठेवली. "मावशी, हात रागावलाय. आज नको भरायला. जबरदस्ती केली तर बांगडी वाढेल, आणि तुम्हालाही लागेल. मी उद्या येते."

 कुठं थांबायचं, हे कळायला ठकूबाईची स्वतःची वीस वर्षं गेली होती, आणि ही कालची पोर. अंगाची लाहीलाही झाली तिच्या. "उद्या यायचं कारण नाही," म्हणाली, आणि काच कोपरापर्यंत चढली.

गुरुवारी ठकूबाई एकटीच राजवाड्यात गेली. राजकन्येनं हात पुढे केला. ठकूबाईनं पदराखालून आपला हात काढला, बांगडी उचलायला गेली, तर काचेवर काच, धरवेच ना. राणी म्हणाली, "भर की." चुडा बघायला जमलेल्या बायकांत मागं साळू उभी होती. ठकूबाईला ती दिसली, आणि मनात आलं, दुकान गेलं तर जाऊ दे, पण ही नको. खरंच असं आलं तिच्या मनात. मग तिनं राजकन्येकडे पाहिलं. अपशकुनाच्या भीतीनं ती पोर डोळे मिटून देवाचं नाव घेत होती.

 ठकूबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "राणीसाहेब, माझ्यानं आता होत नाही. ती मागं उभी आहे ना, साळू, तिला बोलवा. तिचा हात माझ्याहून चांगला आहे. काल मला ते कळलं, पण मी तिला हाकललं."

साळू पुढं आली. तिनं बेचाळीसच्या बेचाळीस बांगड्या भरल्या, एकही वाढली नाही. मग राजकन्या उठली आणि साळूला वाकून नमस्कार केला. ठकूबाईला नाही, साळूला. दुखलं का ठकूबाईला? दुखलं, फार दुखलं. डोळे पुसायला म्हणून तिनं हात वर केला, तर तो गालाला उबदार लागला. काच नव्हती, तिचाच जुना सुजका हात होता.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः रंगूच्या आणि भिकोबाच्या दारी गेली, माफी मागितली, दोघांना दुकानात घेऊन आली, साळू तर होतीच. मग काय, दुकान चालतंय, चौघं जणं सुखानं मीठभाकर खातायत. झोपलात का रे? दिवा मालवते. मिटा डोळे.