उरलाईचा खांदा

तो बघा, माळावर एकच दगड. ना देऊळ, ना कळस, ना शेजारी दुसरा देव. ती आमची उरलाई. या, टेका जरा. चढ चढून तोंडं लालबुंद झाली की हो तुमची!

असं सांगतात, फार पूर्वी भुई नव्हती, पाणी नव्हतं, नुसती आदिमाय होती. ती अंगाच्या मळाचे जीव घडवायची, एक सुलट, एक उलट, असे जोडीनं. पण व्हायचं काय, जोडीदार दिसला रे दिसला की दोघं धावत सुटायचे, कडकडून भेटायचे, आणि लख्ख उजेड पडून दोघंही नाहीसे! मागं चिमूटभर काही राहायचं नाही. बिचारी पुन्हा घडवायला बसायची.

एकदा म्हणे घडवता घडवता मायेचा डोळा लागला आणि हातून एक सुलट पोर जास्तीची झाली. तीच उरलाई. तीही वाट बघत बसली. समोर जोड्या भेटत होत्या, उजेड होऊन जात होत्या. हिच्याकडे कुणी धावत येईना. शेवटची जोडी गेली नि जिकडंतिकडं काळोख झाला. हाक मारावी तर मायेवाचून ओ द्यायला कुणी नाही. पोरीला भडभडून आलं.

"माये, मलाही कुणीतरी दे गं."

"देते की, बाळे. चूक माझीच." मायेनं मळ हातात घेतला. "पण तू गेलीस की मागं काहीच उरायचं नाही बघ. मी थकले आता. पुन्हा नाही घडवायची."

जोडीदाराचा एक हात घडून झाला होता. तो उरलाईकडं बोटं हलवत होता. अस्सं धावत जावं नि धरावा, असं तिला वाटलं. पण एवढे सगळे भेटले, एवढा उजेड पडला, तो बघणारी ती एकटीच राहिली होती. तीही गेली तर ते होते हे कुणाला ठाऊक राहणार?

तिनं डोळे मिटून घेतले. "नको माये. मोड तो हात."

मायेनं मोडला. उरलाई तिथंच आडवी झाली. तिच्या अंगाची भुई झाली, डोंगर झाले, गुरंमाणसं झाली. हा दगड म्हणजे तिचा वर राहिलेला खांदा.

आजही ज्याचं माणूस गेलं, असं कुणी इथं येतं नि खांद्याला डोकं टेकून बसतं. गाव हटकत नाही. नवरा गेल्यावर आमची सोनाआत्याही आली होती. दिवस मावळायला तिची जाऊ भाकरी घेऊन वर आली, शेजारी बसली नि आत्याला म्हणाली, "तू मागं राहिलीस, ते बरं केलंस बाई."